पहिल्या बाकावरची टाचणी

आमच्या शाळेत पहिला बाक हा मान नव्हता, शिक्षा होती. हेडसरांचा न्यायच उलटा. हुशार मुलांना मास्तरांची गरज नाही, त्यांनी मागे खिडकीपाशी वारा खात बसावं, आणि ढ मुलांनी पुढे, छडीच्या टप्प्यात. दर महिन्याला चाचणी व्हायची. तिचे मार्क लागले की सगळा वर्ग दप्तरं उचलून इकडून तिकडे हलायचा, बिऱ्हाड बदलल्यासारखा. मी मात्र कधी हलले नाही. पहिला बाक, भिंतीकडची बाजू, तिथे माझी कायमची वस्ती. बीजगणितात एकदा शून्य पडलं तेव्हापासून वर्गाने माझं नाव भोपळी ठेवलं होतं. मला त्याचं काही वाटत नसे. वाटायचं ते आईला.

टाचणी माझ्या शेजारी राहायला आली ती मॅट्रिकच्या आदल्या वर्षी. टाचणी म्हणजे शिंपीकाकांची मुलगी. अंगाने काडी, आणि झग्याच्या गळ्याला दुकानातल्या दोन-चार टाचण्या कायम टोचलेल्या, म्हणून टाचणी. त्याआधी तिचा नुसता झोका चालला होता. एका चाचणीत पहिली यायची, शेवटच्या बाकावर जायची. पुढच्या चाचणीत घसरायची, पार पुढे यायची. पुढे आली की परत पहिली, परत मागे. हेडसर म्हणायचे, "या मुलीच्या डोक्याला हंगाम आहेत." आणि मग एकदा ती पुढे आली ती हललीच नाही. चाचण्या आल्या नि गेल्या, ही आपली माझ्या शेजारी खुंटा ठोकून.

मला ती आवडायची नाही. सरळ सांगते, मला वाटायचं ही महा शिष्ट आहे. मैदानाच्या पलीकडून हात हलवला तर ही बघायची आणि तोंड फिरवून चालू लागायची. रस्त्यात समोरून आली तर अगदी अंगावर येईपर्यंत ओळख नाही. एक दिवस मी तिला पाणपोईपाशी गाठलीच.

"काय गं, राणीसरकार! एवढा हात हलवून खांदा दुखला माझा. दिसत नाही का तुला?"

मी आपली तणतणले. ती पाण्याचा पेला हातात धरून उभी राहिली आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणीच यायला लागलं. माझा राग कुठल्या कुठे गेला.

"नाही दिसत," ती म्हणाली. "खरंच नाही दिसत, भोपळे. कुणाला सांगशील तर माझ्या आईची शपथ आहे तुला."

तिला आई नव्हती. म्हणजे शपथ मोठीच होती.

मग तिने सगळं सांगितलं. मैदानापलीकडची माणसं म्हणजे तिला नुसते रंग दिसायचे. निळं काहीतरी, पांढरं काहीतरी. मागच्या बाकावरून फळा म्हणजे काळा चौकोन आणि त्यावर धूळ. पहिल्या बाकावरून, डोळ्याच्या कोपऱ्याला बोट लावून ताणलं, तर अक्षरं दिसायची. तीसुद्धा फळ्याच्या अलीकडच्या अर्ध्या भागातली. पलीकडचं ती माझ्या वहीतून उतरवून घ्यायची. मला वाटायचं, मी एवढी ढ आणि ही माझ्या वहीत काय बघते?

"पण मग हेडसरांना सांग ना. बसवतील पुढे."

"आणि हेडसर बाबांना सांगतील. मग?"

आता हे "मग?" कळायला तिचं घर माहीत असायला हवं. शिंपीकाकांचं दुकान पुढे आणि घर मागे, मधे एक पडदा. पडद्याच्या आड कोपऱ्यात आत्या बसायची. शिंपीकाकांची धाकटी बहीण. ऐन तरुणपणी तिचे डोळे गेले. आधी अंधुक, मग अर्धे, मग काहीच नाही. का गेले ते कुणालाच माहीत नव्हतं, पण घरादाराने कारण ठरवून टाकलं होतं: फार वाचायची. दिव्याशी बसून पुस्तकंच्या पुस्तकं वाचून काढायची, म्हणून डोळे गेले. आता दिवसभर ती मांडीवर ताट घेऊन बटणं निवडायची. चार भोकांची वेगळी, दोन भोकांची वेगळी, लहान वेगळी, मोठी वेगळी. संध्याकाळी कुणीतरी ती विकायला किंवा लावायला न्यायचं, आणि काम नसलं की शिंपीकाका निवडलेली बटणं मुकाट्याने पुन्हा एकत्र करून तिच्यापुढे ठेवायचे. रिकामी बसली की ती रडायची म्हणून.

शिंपीकाका माणूस सोन्यासारखा. पण या एका गोष्टीला घाबरून असायचे. त्यांनी टाचणीला बजावलं होतं, "घरात एक झाली तेवढी पुरे. तुझ्या डोळ्यांत जरा काही वाटलं ना, त्या दिवशी शाळा बंद. पुस्तकाला हात लावू द्यायचा नाही मी."

आणि टाचणीची खात्री होती की आपण आत्याच्याच वाटेने चाललो आहोत. आधी अंधुक, मग अर्धे. तिला आंधळं होण्याची भीती नव्हती असं नाही, पण त्याहून जास्त भीती त्या बटणांच्या ताटाची होती.

"मॅट्रिक झाले ना," ती म्हणायची, "की मास्तरणीचं शिक्षण घेता येतं. मास्तरीण काय, फळ्याच्या जवळच उभी असते. आणि पुढे डोळे गेलेच तरी सगळं पाठ असेल माझं. तोंडाने शिकवीन. मॅट्रिक नसले तर मला कोण विचारणार? बटणं निवड म्हणतील."

म्हणून तिने ठरवलं होतं, मॅट्रिकपर्यंत डोळे पुरवायचे, आणि त्यासाठी पहिल्या बाकावरून हलायचं नाही. आता पहिल्या बाकावर राहायचं तर आमच्या शाळेत एकच उपाय. मार्क पाडायचे.

सोपं वाटतं ना? मला तर न सांगता जमायचं. पण तिला फार जड जायचं ते. शिवाय नापासही व्हायचं नाही, नाहीतर घरी बोभाटा. म्हणजे पास व्हायचं पण वर्गात खालच्या दोन-चारांत राहायचं. ती गणित पूर्ण सोडवायची, सुंदर, एकाखाली एक, आणि शेवटच्या ओळीत बेरीज चुकवायची. निबंध छान लिहायची आणि मधेच सोडून द्यायची. मी शेजारून बघायचे. खरं उत्तर लिहायला तिचा हात पुढे जायचा, ती तो मागे घ्यायची, ओठ दाताखाली धरायची आणि काहीतरी भलतंच लिहायची. पेपर देऊन आली की कोणीतरी मारल्यासारखा चेहरा. हेडसर सगळ्या वर्गासमोर तिचा पेपर नाचवायचे. "बघा, बघा! सगळं बरोबर आणि शेवटी माती. अगं, शिंप्याची मुलगी ना तू? सगळा सदरा शिवून बाही पाठीला लावतो का तुझा बाप?" वर्ग हसायचा. टाचणीही हसायची. मला हेडसरांचा असा राग यायचा की बोलायची सोय नाही.

आणि मला मात्र ती शिकवायची. पाणपोईमागे, मधल्या सुट्टीत. चुकवलेलं प्रत्येक गणित माझ्याकडून बरोबर सोडवून घ्यायची, जणू तिथे तरी ते नीट संपायला हवं. माझं डोकं दगड, पण थेंब थेंब पडून त्यालाही खळगा पडला असावा. मला मॅट्रिकची आशा वाटायला लागली ती तिच्यामुळे.

एक गोष्ट सांगायची राहिली. तिला लांबचं दिसत नसे, पण जवळचं? जवळचं असं दिसायचं की काय सांगू! शिंपीकाकांना वयामुळे सुईचं नेढं दिसेनासं झालं होतं. दिवसातून कितीदा तरी दुकानातून हाक यायची, "बाळा, ओव गं!" आणि ही वाचता वाचता उठायची, दोरा ओठात ओला करायची आणि एका फटक्यात ओवून द्यायची. काळ्या कापडावर काळ्या दोऱ्याची काजं घालायची. काका गिऱ्हाइकांना सांगायचे, "माझ्या पोरीचे डोळे म्हणजे डोळे. अंधारातसुद्धा सुई ओवेल." हे ऐकून ती मान खाली घालायची. आम्हाला दोघींनाही वाटायचं, असे डोळे जगात कुणाचेच नसतील. जवळचं लख्ख आणि लांबचं गडप, हा काहीतरी भलताच रोग आहे. आत्याच्याच रोगाची सुरुवात.

विज्ञानाच्या पुस्तकात डोळ्यांवर एक धडा होता. हेडसरांनी तो वर्षानुवर्षं ऑप्शनला टाकलेला. "हा बोर्डात येत नाही, पानं उलटा." आम्ही उलटली. टाचणीनेही उलटली. तिला वाटत होतं आपल्याकडे थोडेच दिवस उरलेत, जे परीक्षेला यायचं नाही ते वाचण्यात डोळे कशाला खर्च करा?

मॅट्रिकचं वर्ष आलं. प्रिलिममध्ये जे पास होतील त्यांनाच हेडसर मॅट्रिकला बसवायचे. शाळेचा निकाल खराब व्हायला नको ना! म्हणजे प्रिलिम हीच खरी चाळण. आणि प्रिलिमनंतर वर्ग भरत नसे, घरी अभ्यास. बाकाची गरज संपली.

"आता नाही चुकवायचं," टाचणी म्हणाली. त्या दिवशी तिचा चेहरा असा काही फुलला होता! "भोपळे, आता सगळं लिहिणार मी. शेवटच्या ओळीसकट."

प्रिलिमचे पेपर छापील असायचे. हातात कागद, नाकाजवळ धरला की झालं. तिने लिहिलं. एरवी मी अर्ध्या वेळात उठायचे, या वेळी शेवटपर्यंत बसले, आणि बघते तर ही पुरवण्या मागतेय. पुरवणीवर पुरवणी. बाहेर आली ती उड्या मारत. मी तिला तशी त्याआधी पाहिली नव्हती आणि नंतरही नाही.

निकालाच्या दिवशी हेडसर वर्गात आले. त्यांनी नावं वाचली. माझं नाव आलं, काठावर का होईना. मला हुंदकाच फुटला. टाचणीचं नाव आलंच नाही.

"तू थांब," ते तिला म्हणाले. "बापाला बोलावलंय तुझ्या. आणि तूही थांब गं भोपळे, तिच्या बाकावरची ना तू?"

झालं होतं असं. टाचणी पहिली आली होती. नुसती पहिली नाही, मागच्या बाकावरच्या सगळ्या विद्वानांना मागे टाकून पहिली. आणि हेडसरांच्या तोंडचं पाणी पळालं होतं, कारण त्यांना आठवलं की पेपर त्यांच्याच घरी टेबलावर पडलेले असताना शिंप्याची पोर शिवलेला कोट पोचवायला आली होती. हेडसरीणबाईंनी तिला आत बसवून पाणीसुद्धा दिलं होतं. पेपर फुटला असं वर कळलं असतं तर हेडसरांची खुर्ची गेली असती. घाबरलेला माणूस फार वाईट वागतो.

शिंपीकाका आले ते हातातलं काम टाकून. गळ्यात टेप तसाच, कॉलरला सुई टोचलेली, सुईला पांढरा दोरा गुंडाळलेला. ऐकलं आणि दारातच खांबाला टेकले.

"सर, पोर माझी गरीब आहे, मठ्ठ असेल, पण चोर नाही."

"मठ्ठ आहे ना? तुम्हीच म्हणताय. पूर्वी आली असेल कधी पहिली, पण इतके महिने तळाशी असलेली मुलगी एका रात्रीत पहिली कशी येते?"

मला राहवलं नाही. "सर, तिला सगळं येतं. ती मला शिकवते."

हेडसरांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. "तुला शिकवते? मग झालंच की!" ते म्हणाले. एरवी मीही हसले असते.

मग म्हणाले, "असं करू. अन्याय नको. आत्ता इथे माझ्यासमोर गणितं सोडव. सोडवलीस तर मीच तुझी माफी मागतो."

टाचणीचा चेहरा उजळला. मला हायसं वाटलं. ती बाकाकडे गेली. आपल्या, पहिल्या.

"तिथे नाही. माझ्या टेबलावर उत्तरं आहेत. शेवटच्या बाकावर जा."

ती जागेवरच उभी राहिली. ती सावकाश मागे गेली, बसली. हेडसरांनी खडू घेतला आणि फळ्यावर गणितं लिहिली. मी वाचली. देवाशपथ सांगते, ती मलासुद्धा येत होती. पाणपोईमागे तिने माझ्याकडून घोटून घेतलेली.

"सर," टाचणी म्हणाली, "वाचून दाखवाल का?"

"का? वाचता येत नाही?"

"येतं."

"मग वाच."

"सर, मी जरा पुढे..."

"पुढे कशाला? टेबलाजवळ? बस तिथेच!"

तिने डोळ्याला बोट लावलं. ताणलं. दुसरा डोळा मिटून बघितला. कागदावर काहीतरी लिहिलं, खोडलं. मला दिसत होतं, ती आठवून आठवून अंदाज करतेय, हेडसर काय घालतील ते. मी ओठ हलवून तिला सांगायला बघितलं, पण फळा दिसत नाही तिला माझे ओठ काय दिसणार? शिंपीकाका गळ्यातला टेप बोटाला गुंडाळत होते, सोडवत होते.

"संपला वेळ," हेडसर म्हणाले. त्यांनी जाऊन कागद उचलला. काय लिहिलं होतं कोण जाणे, फळ्यावरचं नव्हतंच. "बघा! बघा तुमची पहिली आलेली पोर!"

तेव्हा टाचणी उठली. बाकाला घट्ट धरून. बापाकडे न बघता म्हणाली, "सर, मला दिसत नाही. फळ्यावरचं मला इथून दिसत नाही. कधीच दिसत नव्हतं. म्हणून मी मुद्दाम मार्क पाडायची. पुढे बसायला मिळावं म्हणून."

"खरं आहे सर!" मी ओरडले. "अगदी खरं आहे!"

पण मी शिंपीकाकांकडे बघितलं आणि तिथेच थांबले. त्यांच्या चेहऱ्यावर रक्ताचा थेंब उरला नव्हता. फळा, पेपर, हेडसर, काही काही त्यांच्या डोक्यात राहिलं नसणार. त्यांना तो कोपरा दिसत असणार आणि ते बटणांचं ताट. "दिसत नाही?" ते म्हणाले. "बाळा, दिसत नाही तुला?" बाकांना धडकत, ठेचकाळत ते तिच्यापर्यंत पोचले. तिच्यासमोर उभे राहिले आणि कॉलरची सुई काढली. दोरा तोडला.

"ओव," ते म्हणाले. "ओव गं बाळा. माझी आई, ओव."

हेडसरही बघायला पुढे आले. त्यांना स्वतःला वाचायला चष्मा लागायचा, सुई ओवणं त्यांच्याही आवाक्यातलं नव्हतं. त्यांच्या लेखी डोळ्यांची याहून मोठी परीक्षा नव्हतीच.

टाचणीने सुई घेतली. मी मनात म्हणत होते, चुकव. चुकव गं. आजवर चुकवत आलीस, एवढं एक चुकव. पण चुकवलं असतं तरी काय, हे माझ्या नंतर ध्यानात आलं. ओवली तर खोटारडी, नाही ओवली तर आंधळी. मॅट्रिक दोन्हीकडून गेलेलीच. तरीही, निदान चोर तरी ठरली नसती.

तिने मान वर केली. बापाकडे बघितलं. मग दोरा ओठात धरला, ओला केला आणि एका फटक्यात ओवला.

शिंपीकाका मटकन बाकावर बसले आणि हसायलाच लागले. रडत रडत हसायला. "दिसतंय! सर, बघितलंत? दिसतंय माझ्या पोरीला! काही झालेलं नाही तिच्या डोळ्यांना!" त्यांनी तिचे गाल दोन्ही हातांनी धरले. आपण आत्ता काय केलं हे त्यांच्या गावीही नव्हतं.

"दिसतंय ना," हेडसर म्हणाले. "म्हणजे चोरी केली ती केली, वर आंधळेपणाचं सोंग."

"जवळचं दिसतं सर," टाचणी पुटपुटली. "लांबचं..."

"पुरे! म्हातारपणी जवळचं दिसेनासं होतं, मला माहीत आहे. लांबचं न दिसणारे डोळे मी ऐकले नाहीत."

विज्ञान तेच शिकवायचे आम्हाला.

टाचणी मॅट्रिकला बसली नाही. हेडसरांनी बसवलं नाही, आणि चोरीचा डाग लागलेल्या मुलीला परत घेणारी दुसरी शाळा आसपास नव्हती. शिंपीकाका तिला रागे भरले नाहीत. उलट म्हणाले, "नाही आवडत शाळा तर नाही, पण असं डोळ्यांचं अभद्र कशाला बोलायचं?" दुसऱ्या दिवसापासून ती दुकानात बसायला लागली, पडद्याच्या अलीकडे. मी भेटायला गेले की ती काजं घालत असायची. मी काय बोलणार? मला मॅट्रिकला बसायचं होतं. जाताना ती माझा हात धरून म्हणायची, "शेवटची ओळ तपासून बघ हं, भोपळे." मी तपासली. पास झाले. पुढे मास्तरीण झाले, मी! आयुष्यभर फळ्यापाशी उभी राहिले. तिला हवी होती ती जागा मला मिळाली, आणि खडू हातात घेतला की रोज ते टोचायचं.

मी नोकरीसाठी गावाबाहेर पडले, संसारात अडकले. तिचे डोळे गेले नाहीत एवढं पत्रातून कळायचं. मग माझी नात शाळेत जायला लागली आणि तिच्या बाईंचा निरोप आला, फळ्यावरचं दिसत नाही वाटतं, डोळे तपासून घ्या. डॉक्टरने तपासले. म्हणाला, "काही नाही आजी, लांबचा नंबर आहे. जवळचं छान दिसतं, लांबचं दिसत नाही. कितीतरी जणांना असतो. चष्मा लावला की झालं."

चष्मा लावला की झालं. मी तिथे बाकड्यावर बसून ढसाढसा रडले. पोर घाबरून गेली. डॉक्टरला वाटलं म्हातारीला धक्का बसला नंबराचा. त्याला काय कपाळ सांगणार होते मी?

त्याच आठवड्यात मी गाव गाठलं. दुकान तिथेच, पाटी नवीन. टाचणी मशीनवर वाकलेली, केस पांढरे झालेले. आत्या कधीच गेली होती. मी दम न घेता सगळं सांगून टाकलं. नंबर, डॉक्टर, चष्मा, आत्याच्या रोगाशी याचा काही काही संबंध नाही. तिने शांतपणे ऐकलं आणि मशीनचा खण उघडला. बॉबिनच्या डब्याखालून चष्मा काढला.

"मला माहीत आहे," ती म्हणाली. "बरीच वर्षं झाली. एक डोळ्यांचा डॉक्टर आला होता पँट शिवायला. त्याने रस्त्यापलीकडून हात हलवला आणि मी ओळख दिली नाही, म्हणून विचारलं त्याने."

"मग लावत का नाहीस?"

"लावते की. बाबा आत असले की लावते." तिने तो डोळ्यांवर चढवला आणि समोर बघून हसली. "पहिल्यांदा लावला ना, तेव्हा समोरचा औषधवाला दिसला. माझ्याकडे बघून हसत होता. म्हटलं, हा आज का हसतोय? मग कळलं, मेला रोजच हसत असणार. एवढी वर्षं. मी कधी उलट हसलेच नाही गं त्याच्याकडे. आता त्याला नातवंडं आहेत."

मी कपाळावर हात मारला. मग वर्षानुवर्षं मनात साठलेलं विचारून टाकलं. "त्या दिवशी सुई का ओवलीस? निदान चोर तरी ठरली नसतीस."

"बाबा किती जवळ उभे होते," ती म्हणाली. "त्यांचं तोंड मला स्पष्ट दिसत होतं."

पडद्यामागे काठीचा आवाज आला. तिने झटकन चष्मा काढला, डब्याखाली सरकवला, खण लावला. शिंपीकाका बाहेर आले. वाकलेले, थकलेले, गळ्यात टेप नव्हता पण कॉलरला सुई होती. मला ओळखायला त्यांना वेळ लागला, ओळखलं तेव्हा खूश झाले.

"भोपळी तू! मास्तरीण ना आता? बस, बस." मग सुई काढून त्यांनी टाचणीपुढे धरली. "जरा ओव गं बाळा. बटण तुटलंय माझं."

तिने ओवली. एका फटक्यात.

"बघ!" काका मला म्हणाले. "या वयातसुद्धा! आणि तेव्हा हेडसरांना काय म्हणाली, तर दिसत नाही. माझा तर जीवच गेला होता. शाळा बुडवायची होती लबाडाला."

"हो ना बाबा," टाचणी म्हणाली. "लबाडच होते मी." तिने दोऱ्याला गाठ मारली आणि त्यांच्या सदऱ्याचं बटण लावायला घेतलं.